पाळणाघराला कशाला हवं अनुदान?

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एवढंच टाकलं की मागच्या वस्तीतलं पाळणाघर महिनाअखेरीस बंद होतंय, कुणाला काही करता येईल का. पहिलं उत्तर आलं, "दुसरं शोधतील." मग दुसरं, "पोरं सांभाळायलाही आता सरकारनेच अनुदान द्यायचं का?" त्यावर भराभर अंगठे. आणि लगेच कुणीतरी पार्किंगचा विषय काढला.

तिथे बोलले असते तर भांडण झालं असतं आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये पुन्हा तीच तोंडं. म्हणून इथे लिहितेय. इथे सगळी आपली माणसं आहेत, पाळणाघर कशाला लागतं हे तुम्हाला पहिल्यापासून शिकवत बसायला नको.

माझी लेक त्याच पाळणाघरात वाढली. मी तेव्हा कंत्राटी नोकरीत, नवरा परगावी, सासूबाईंचे गुडघे गेलेले. पाळणाघर एका छोट्या संस्थेचं, राष्ट्रीय पाळणाघर योजनेतलं. सहा महिने ते सहा वर्षं वयाची 25 मुलं. फी सरकारनेच ठरवून दिलेली: दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना 20 रुपये, महिन्याचं उत्पन्न 12,000 पर्यंत असेल तर 100, त्याच्या वर 200. माझ्या लेकीचे 200, तिच्या शेजारच्या चटईवर झोपणाऱ्या पोराचे 20. खिचडी दोघांना एकाच पातेल्यातली.

आणि हे सगळं चालवणाऱ्या काकूंना तेव्हा मानधन किती? महिना 3,000. मदतनीस ताईला 1,500. महिन्याचे 26 दिवस, रोज साडेसात तास. मी भागून बघितलंय, काकूंना तासाला पंधरा रुपये पडायचे. बरं, साडेसात तास हे कागदावर. माझी बस चुकली की काकू दाराला कुलूप लावून पायरीवर बसलेल्या असायच्या, लेक त्यांच्या मांडीवर. जास्तीच्या वेळेचे पैसे द्यायला गेले तर म्हणाल्या, "ठेव गं, तुझ्या तरी पगाराचं काय खरं आहे?"

तर अशा बाईची फाईल एका वजनकाट्यावरून अडली.

मुलांची वजनं नोंदवायची असतात. संस्थेने दिलेला काटा बिघडला. नवा येईना, तेव्हा काकूंनी पदरचे पैसे घालून आणला. तपासणीला आलेल्या साहेबांनी वजनांची वही उघडलीसुद्धा नाही. पावती मागितली. पावतीवर दुकानाचा शिक्का नव्हता. झालं! खर्चाचा मेळ बसेना, म्हणून संस्थेचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे सरकारचे पैसे ठरल्या कामालाच लागले असं सांगणारा कागद, लटकलं. ते लटकलं म्हणून अनुदानाचा पुढचा हप्ता लटकला. आणि हप्ता लटकला म्हणून त्या 3,000 रुपयांचीही पंचाईत. काटा कुणाच्या पैशाचा? काकूंच्या. अडलं कुणाचं? काकूंचंच.

माझा सगळा राग इथे आहे. अनुदान कमी आहे, ते तर आहेच. पण ते ज्या पद्धतीने येतं ना, ती पद्धत कुणी तान्ह्या मुलाकडे बघून आखलेली नाही. आधी खर्च करा, मग कागद द्या, मग वाट बघा. त्या योजनेत केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 30 आणि संस्थेने स्वतःचे 10 उभे करायचे असायचे. यातलं एक जरी मागे राहिलं तरी दूधवाला थांबत नाही, घरमालक थांबत नाही, आणि दीड वर्षाचं पोर तर नाहीच नाही. एखाद्या पुलाचं बिल सहा महिने उशिरा निघालं तर ठेकेदार कुरकुरतो आणि निभावून नेतो. पाळणाघराचा हप्ता सहा महिने आला नाही तर एक बाई स्वतःच्या घरचा तांदूळ आणते. सरकारदरबारी सगळ्यांना हे ठाऊक आहे. ती आणणारच, हे गृहीत धरूनच तर सगळं चाललंय.

हो, फक्त कागदावर चालणारी पाळणाघरंही होती. पटावर 25 आणि खोलीत चार. मान्य. मग त्यांना धरा ना! वही उघडा, मुलं मोजा. पण शिक्के तपासत बसलं की खोटा माणूस शिक्का आणतो आणि खरा अडकतो. एकेकाळी देशात या योजनेची वीस हजारांहून जास्त पाळणाघरं होती, पुढे ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. बंद पडलेली सगळी काय चोरांची होती?

ग्रुपवरच्या एका हुशार माणसाने कायदा सांगितला. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चारदा मुलाला भेटायला जाता येतं. छानच आहे. पण दादा, तुमच्याकडे भांडी घासायला येते तिचं ऑफिस म्हणजे तुमचं स्वयंपाकघर. तिथे 50 कर्मचारी आहेत का? मजुरीसाठी नाक्यावर उभी राहणारी, भाजी विकणारी, घरात बसून शिलाई करणारी, यांच्या मुलांसाठी सरकारच्या अनुदानावरचं पाळणाघर सोडून दुसरं काय आहे? महिना 20 रुपयांत कोण खासगीवाला मूल घेणार आहे?

मी सांगते दुसरं काय आहे ते. तिसरीतली बहीण. काकूंचं पाळणाघर बंद झालं की पुढच्या सोमवारपासून वस्तीतल्या चार-पाच मुली शाळेत दिसणार नाहीत. कडेवर भावंड असेल. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना पालघरकडच्या कोसबाडच्या टेकडीवर हेच दिसलं होतं. मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण धाकटी त्यांच्या गळ्यात. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. आपण त्यांच्या जयंतीला फोटोला हार घालतो आणि पाळणाघराचा खर्च आला की विचारतो, सरकारने का द्यायचा.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. जिने "सरकारनेच द्यायचं का" लिहिलं ती काही वाईट नाही. तिची दोन्ही मुलं तिच्या आईने वाढवली, फुकट, आणि त्या माउलीची कंबर त्यात गेली. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत कळत नाही. तिला नाही कळली, सरकारलाही नाही.

आता 2022 पासून त्या जुन्या योजनेच्या जागी केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली 'पालना' योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, देशभर 17,000 करायची, असं ठरलंय. कल्पना चांगली आहे, नाही म्हणणार नाही. जागा तयार असते, पोषण आहार तिथेच असतो. पण मला कुणी सांगा, नव्या योजनेतल्या सेविकेचे पैसे महिन्याच्या ठरल्या तारखेला, तिच्या खात्यात, न मागता येणार आहेत का? ते होणार असेल तर नाव काहीही ठेवा. नसेल, तर उद्या तिच्याकडेही एखादा बिघडलेला काटा असेल आणि शिक्का नसलेली पावती.

काकूंचं पाळणाघर कोरोनात बंद झालं, नंतर त्यांनी ते देणग्यांवर पुन्हा सुरू केलं. संस्थेने तोवर अंग काढून घेतलं होतं. मागच्या थकबाकीचं विचारलं की एका कार्यालयातून उत्तर येतं, "प्रस्ताव वर पाठवलाय." आता घरमालकाला खोली परत हवी आहे.

तर कामाचं बोलते. काकूंकडे जुन्या हप्त्यांच्या पत्रांची, खर्चाच्या वह्यांची एक पिशवी आहे. ती घेऊन सोमवारी आम्ही दोघी-तिघी त्या कार्यालयात जाणार आहोत. तुमच्यात कुणी सीए असेल, किंवा सरकारी ऑडिटमध्ये काम केलेलं असेल, तर रविवारी दोन तास ते कागद लावून द्या. शाळेच्या वेळेनंतर वापरता येईल अशी खोली कुणाच्या ओळखीत असली तर तेही सांगा, तळमजल्यावरची हवी. आणि "आजी-आजोबा कशासाठी असतात" असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवतायत, त्यांनी आधी आपल्या आईला एक फोन करून मग लिहा.