खरेदीचं बिल त्याच महिन्यात दाखवा

"माणसं ऑक्सिजनसाठी तडफडत होती, तेव्हा सरकारनं टेंडर काढत बसायचं होतं काय?" बेळगावजवळच्या खानापूरचे माझे दादा फोनवर तावातावानं विचारतात. न्या. जॉन मायकल डिकुन्हा आयोगाचा, कर्नाटकातल्या तेव्हाच्या भाजप सरकारच्या कोविड खरेदीवरचा, अंतरिम अहवाल २०२४ मध्ये आल्यापासून आमच्या घरात दोन तट आहेत. काँग्रेसवाले लूट म्हणतात, भाजपवाले सूड.

दादांचं मला पटतं. तेव्हा टेंडर नकोच होतं. कर्नाटकाच्या १९९९ च्या सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेच्या कायद्यातच आणीबाणीला सूट आहे. मी राहतो त्या ब्रिटननंही जुलै २०२० पर्यंतच्या १८ अब्ज पौंडांच्या कंत्राटांपैकी साडेदहा अब्जांची स्पर्धेशिवाय दिली. इथंही सगळं स्वच्छ नव्हतं. मंत्री-खासदारांच्या शिफारशीनं आलेल्या पुरवठादारांची वेगळी रांग होती. त्यातल्या ४९३ पैकी ४७ जणांना काम मिळालं, साध्या रांगेत शंभरात एकालाही नाही. पुढे इथल्या हायकोर्टानं ती वेगळी रांग बेकायदा ठरवली.

पण हे आकडे इथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी नोव्हेंबर २०२० मध्येच छापले, साथ ऐन भरात असताना. कंत्राटं ३० दिवसांत जाहीर करायचा नियम इथल्या आरोग्यमंत्र्यांनी मोडला, हे कोर्टानं फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं. आपल्याकडे कर्नाटकात मे २०२० मध्ये सरकारी खर्च तपासणारी विधिमंडळाची लोकलेखा समिती पाहणीला निघाली, तर विधानसभाध्यक्षांनी तिला थांबवलं. आयोग नेमला गेला २०२३ साली, सरकार बदलल्यावर. माझा राग या उशिरावर आहे. आता चौकशीत खरं निघालं तरी निम्म्या लोकांना ते राजकारणच वाटणार.

वहिनी तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पहिल्या खेपेचे पीपीई किट बगलेत उसवायचे. चिकटपट्टी लावून त्या ड्यूटीला उभ्या राहायच्या. ते किट कुणी पुरवले, काय दरानं, हे त्यांना आजही ठाऊक नाही. ज्यांनी जीव धोक्यात घातला, त्यांना एवढंही कळू नये?

म्हणून आणीबाणीत थेट खरेदी जरूर करा, पण वस्तू, दर, पुरवठादार आणि शिफारस करणाऱ्याचं नाव ३० दिवसांत दवाखान्याच्या फलकावर लावा. सीमाभागात कन्नडबरोबर मराठीतही. १५ टक्के किंवा त्याहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे देशपातळीवर मान्यच आहे. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरेल, तेव्हा आपल्या आमदारांनी, पक्ष कुठलाही असो, त्या पारदर्शकतेच्या कायद्यात एवढी दुरुस्ती मागावी.