देकार्तच्या पुस्तकात क्ष-य अक्ष नाहीत, तरीही

नमस्कार,

सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने भूमितीला बीजगणित जोडलं, या माझ्या लेखाखाली तुम्ही चार आक्षेप घेतलेत. समीकरणात अक्षरं फ्रेंच गणिती व्हिएतने आधीच आणली होती. वक्राचं समीकरण फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितीनेही त्याच सुमारास मांडलं. आपल्या भास्कराचार्यांचं 'बीजगणित' त्याच्याही पाचशे वर्षं आधीचं. आणि काटकोनात छेदणारे क्ष-य अक्ष तर देकार्तच्या पुस्तकात नाहीतच. थोडक्यात, मोठा तत्त्वज्ञ म्हणून गणिताचं श्रेयही त्याच्या पदरात पडलं, असं तुमचं म्हणणं.

चारही गोष्टी खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र मला अजिबात पटत नाही.

नावाच्या वजनाचं आधी बोलू. त्याचं हे पुस्तक, 'ला जेओमेत्री' म्हणजे 'भूमिती', १६३७ मध्ये लायडनला छापलं गेलं, तोवर देकार्तचं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. ज्या ग्रंथाला ते जोडलं होतं, त्यावर लेखकाचं नावही नव्हतं. नावाचा दबदबा नंतरचा.

आता अक्ष. तुम्ही म्हणता तसे ते तिथे नाहीत, पण माझ्या मते त्याचं खरं काम अक्षांमध्ये नव्हतंच. ते पुस्तकाच्या पहिल्या दोन पानांतच आहे. ग्रीकांपासून चालत आलेली समजूत अशी, की दोन लांब्यांचा गुणाकार म्हणजे आयत, तिघींचा म्हणजे ठोकळा, आणि चौघींचा म्हणजे काहीच नाही. वर्गात लांबी मिळवणं निरर्थक, कारण क्षेत्रफळात लांबी कशी मिळवणार? व्हिएतने १५९१ मध्ये अक्षरं आणली खरी, पण हा नियम कसोशीने पाळला. फर्माचं सरळ रेषेचं समीकरणही 'ड गुणिले अ बरोबर ब गुणिले इ' असं आहे: दोन्हीकडे क्षेत्रफळच.

देकार्त काय करतो ते कागदावर काढूनच बघा. एका रेषेवर बअ ही लांबी एक धरा, त्याच रेषेवर ब पासून बड घ्या. ब मधूनच दुसरी रेषा काढून तिच्यावर बक घ्या. अ आणि क जोडा. ड मधून अकला समांतर रेषा काढा, ती दुसऱ्या रेषेला इ मध्ये छेदेल. समरूप त्रिकोणांमुळे एकास बड तसं बकला बइ. म्हणजे बड आणि बक यांचा गुणाकार बइ, आणि तो आयत नाही, साधी लांबी आहे! शाळेतल्या मुलालाही कळेल अशी ही आकृती आहे, आणि तिच्यामुळे क्षचा वर्ग, घन, पाचवा घात सगळे एकाच जातीचे झाले. मग त्यांची बेरीज करायला कुणाची हरकत?

याचं फळ लगेच दिसतं. डच गणिती गोलियसने १६३१ मध्ये देकार्तपुढे प्राचीन ग्रीक गणिती पॅपसचा प्रश्न ठेवला होता: चार रेषा दिल्या आहेत, असे बिंदू शोधा, की दोन रेषांपासूनच्या अंतरांचा गुणाकार उरलेल्या दोन अंतरांच्या गुणाकाराच्या ठरावीक पटीत असेल. चार रेषांना शंकुच्छेद (शंकू कापून मिळणारा, लंबवर्तुळासारखा वक्र) मिळतो. आठ रेषा घेतल्या की चार लांब्यांचा गुणाकार येतो आणि जुनी भूमिती अडते. देकार्त दिलेल्या रेषांपैकीच एक धरतो, तिच्यावर क्ष मोजतो आणि दिलेल्या कोनात य. काटकोनाचा आग्रह नाही. प्रत्येक अंतर क्ष आणि य यांच्या पहिल्या घातात लिहिता येतं, म्हणून आठ रेषांचं समीकरण फार तर चौथ्या घातापर्यंत जातं. य ला एकेक किंमत द्या, क्ष काढा, बिंदू मांडत जा.

भास्कराचार्यांबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. या, का, नी ही अज्ञातांची अक्षरं तिथे आहेत, आणि 'या'च्या वर्गाशेजारी नुसती रूपं, म्हणजे सुट्या संख्या, निःशंक बसतात, कारण तिथे राशी म्हणजे संख्या. एकसष्ट गुणिले एका संख्येचा वर्ग, अधिक एक, बरोबर दुसऱ्या संख्येचा वर्ग: याची पूर्णांकी उत्तरं त्यांनी चक्रवाल पद्धतीने, म्हणजे तीच क्रिया फिरून फिरून करत, काढली, २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. अफाट काम आहे ते! पण त्यांना हवे होते पूर्णांक. देकार्तच्या वाटेने गेलं तर त्याच समीकरणाची सगळी उत्तरं एकदम घेऊन एक वक्र उभा राहतो. प्रश्नच वेगळा.

फर्माची मांडणी आजच्या पाठ्यपुस्तकाच्या जास्त जवळची आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. पण ती हस्तलिखितात फिरली, छापली गेली १६७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. तोवर डच गणिती व्हान स्कूटेनच्या लॅटिन भाषांतरातून देकार्तची पद्धत तरुण न्यूटनपर्यंत पोचलेली होती.

देकार्तवर खरा आक्षेप घ्यायचाच तर दुसरीकडे घ्या. आर्किमिडीजच्या सर्पिलासारखे वक्र त्याने 'यांत्रिक' म्हणून भूमितीबाहेर काढले. वक्र आणि सरळ रेषा यांच्या लांबीचं नेमकं गुणोत्तर माणसाला कळूच शकत नाही, असंही त्याने ठामपणे लिहिलं. ते चुकीचं होतं. यचा वर्ग क्षच्या घनाच्या प्रमाणात असतो त्या वक्राची नेमकी लांबी डच गणिती व्हान ह्यूरात याने एका पत्रात काढून दाखवली, देकार्तच्याच बीजगणिताने. आणि ते पत्र १६५९ मध्ये छापलं गेलं व्हान स्कूटेनने काढलेल्या 'ला जेओमेत्री'च्याच दुसऱ्या लॅटिन आवृत्तीत.