दुकान उघडं, शटर खाली

बुधवारी दुपारी मी कॉलेजच्या लॅबचा सर्व्हर अपग्रेड केला. गरज काय होती? काहीही नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यातली 'नवी आवृत्ती उपलब्ध' ही पिवळी पट्टी दोन महिने डोळ्यांत खुपत होती, एवढंच. शुक्रवारी कॉलेजात प्रॅक्टिकल, लॅबमध्ये चाळीस मशीन, सगळ्यांवर या सर्व्हरवरून ताजी इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची तयार प्रत, टाकायची. म्हटलं, होऊन जाईल.

नेटवर्कवरून बूट होणारं, म्हणजे स्वतःच्या डिस्कऐवजी सर्व्हरकडून फाइल घेऊन सुरू होणारं मशीन म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर. नाव-गाव ठाऊक नाही, नुसता टाहो. सर्व्हरवरची डीएचसीपी ही पत्ते वाटणारी सेवा त्याला जवळ घेते, पत्ता देते आणि कुठल्या दारात कुठली फाइल मागायची ते सांगते. ती फाइल द्यायची टीएफटीपी या साध्यासुध्या फाइल-वाटप सेवेने. हा गृहस्थ जुन्या रेशन दुकानदाराच्या जातकुळीचा. एका वेळी 512 बाइट. पोच द्या, मग पुढचे 512. बसायची जागा ठरलेली, पोर्ट 69.

पत्ते तर पटापट मिळाले. मग चाळीसही मशीन तिथेच अडली. समोरच्या पडद्यावर ओळ: 'पीएक्सई-ई32: टीएफटीपी ओपन टाइमआउट'. म्हणजे फाइल मागितली, उत्तरच नाही. मी केबल बदलल्या. स्विच बंद करून चालू केला. (आमच्या धंद्यात अंगारा लावतात तो असा.) दोन तासांनी उलगडा झाला: अपग्रेडने परस्पर फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारा, चालू केली होती. दुकान उघडं, मालक गल्ल्यावर, शटर मात्र खाली. टीएफटीपीचा तो पोर्ट, यूडीपी 69, मोकळा केला.

जुनी वीस मशीन लगेच धावायला लागली. नव्या विसांवर मात्र 'एनबीपी फाइल डाउनलोडेड सक्सेसफुली', म्हणजे बूट फाइल नीट मिळाली, असं झळकायचं आणि मशीन गुपचूप बूट मेनूत परत. इतकं सभ्य अपयश मी फक्त लग्नाच्या बोलणीत पाहिलंय. 'मुलगा पसंत आहे हो, कळवतो.'

मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम दोघांत वेगळा: जुनी मशीन बायॉसवाली, नवी यूईएफआयवाली. दोघांची बूट फाइल वेगळी. कोण आलंय ते बघून योग्य फाइल हातात ठेवायचा नियम मी मागच्या वर्षी डीएचसीपीच्या फाइलमध्ये स्वतः लिहिला होता. अपग्रेडने ती फाइल नव्याने लिहिली आणि सगळ्यांच्या पानात एकच भाजी वाढली. बॅकअप? होता की. त्याच सर्व्हरवर, ज्या फोल्डरवरून अपग्रेडने बोळा फिरवला त्यातच.

नियम आठवून आठवून पुन्हा लिहिला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. जुन्या विसांच्या निळ्या पट्ट्या भरत आल्या होत्या. नवी वीस सकाळी निवांत लावू, असं म्हणत मी डबा उघडला.

शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात आले.

"सर, उद्या गुरुवार."

"बरं मग?"

"पुण्यात नवीन हाय का तुम्ही? नऊला लाईट जाती, संध्याकाळी येती."

मी डबा बंद केला आणि एकविसाव्या मशीनचं बटण दाबलं.