झोप, गोळी आणि बोलणं: गोव्यातल्या साखळी गावच्या ताईंना उत्तर

ताई,

झोपेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दोन रात्री जागला की तिसऱ्या दिवशी शेजारी पाण्यात विष घालतात म्हणतो. आणि तुम्ही सांगता, झोप येत नसेल तर अंथरुणातला वेळ कमी करा! आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला बोलून झोपवणार? गोळी आहे ना?"

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी. अंथरुणातले तास एकदम छाटायची युक्ती साध्या निद्रानाशाची. सायकोसिसमध्ये, म्हणजे भ्रम-भास होतात त्या आजारात, जागरणानेच भडका उडू शकतो, म्हणून तिथे ती टाळतात किंवा डॉक्टरांना सांगून अगदी हळूहळू वापरतात. मी दोन्ही एकाच वाक्यात कोंबलं होतं. लेखात दुरुस्ती केलीय.

पण "गोळी आहे ना" हे मात्र पटलं नाही. गोळी सोडा असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. ओलान्झापिन, क्वेटियापिन अशा या आजारावरच्या गोळ्यांनी झोप येते हेही खरं. ती कधी येते आणि कधी उतरते, घोळ तिथे असतो.

माझ्याकडे एक मुलगा यायचा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). गोळी घेऊन साडेआठला आडवा, दोनला टक्क जागा. मग कुळागरात (घरामागच्या माडा-पोफळींच्या बागेत) चुडत, म्हणजे झावळी, पडलं तरी त्याला वाटायचं कोणीतरी आलं. उजाडलं की भीती ओसरायची, मग झोप थेट जेवणापर्यंत. आई म्हणायची, झोपू दे बिचाऱ्याला. तास भरत होते, पण भलत्या वेळी.

कुळागरात कोणी आहे की नाही, यावर आम्ही एकदाही वाद घातला नाही. बोललो ते रात्रीबद्दल. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ रात्री दहावर नेली. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की त्यानेच उठून गेटपर्यंत पाव आणायला जायचं, डोळ्यांवर उजेड पडला पाहिजे. दुपारी खाटेवर पडायचं नाही. रात्री जाग आली तर अंथरुणात कान देऊन राहायचं नाही. स्वयंपाकघरात मंद दिवा लावून तांदूळ निवडत बसायचं, डोळे जड झाले की परत. पहिल्या आठवड्यात आईने तीनदा फोन करून मला झापलं. सहाव्या आठवड्यात तो चारपर्यंत झोपू लागला. आवाज होते तिथेच आहेत.

हेच मोजून पाहणारा ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांचा अभ्यास 2015 सालचा. भ्रम किंवा भास असलेले 50 जण. सगळ्यांचे नेहमीचे उपचार चालूच, निम्म्यांना जोडीला झोपेवरची आठेक सत्रं. बारा आठवड्यांनी सत्रं मिळालेल्यांपैकी 41 टक्क्यांचा निद्रानाश गेला होता, बाकीच्यांत 4 टक्क्यांचा. अभ्यास छोटा, आणि भ्रम-भास कमी झाले असं त्यातून ठामपणे निघत नाही. मूळ लेखात मी हे दुसरं वाक्य गाळलं होतं. तेवढ्यासाठी तुम्ही "जाहिरात" म्हणालात तर ऐकून घेते.

"हे सगळं तिकडचं", म्हणजे परदेशातलं, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य नाही. 2014 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी जाऊन बोलत, आणि त्याचं एक केंद्र आपलं गोवा होतं. विषय झोपेचा नव्हता, फायदाही माफकच. पण अशा माणसाशी बोलून काय होणार, हा प्रश्न इथल्या घरांत विचारून झालाय.

तुमच्या भावासाठी आज एवढंच करा: दोन आठवडे वहीत लिहा, गोळी कधी, दिवा कधी मालवला, उठला कधी, दुपारी किती झोपला. त्याला सांगून लिहा. लपवून लिहिलंत आणि वही हाती लागली तर संशय तुमच्यावरच येईल. पुढच्या तारखेला ती वही बांबोळीच्या इस्पितळात सोबत न्या.

आणि जत्रेला न्यावं का, असं शेवटी विचारलंत. न्या की. खाजे घ्या, पालखी बघा. चुलत भाऊ नाटकात आहे म्हणता, तर पहिला अंक बघून उठा. पुढे काय झालं ते चुलत भावाने दुसऱ्या दिवशी घरी येऊन सांगावं.