इन्सुलिन घेताय ना? मग ते लपवून फॉरेनला जाऊ नका

इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने फॉरेन टूरला जावं का, हे मला दर सुट्टीच्या सीझनला कोणीतरी विचारतंच, कारण मी स्वतः इन्सुलिन टोचायचं पेन घेऊन फिरणारी बाई आहे आणि ते कोणापासून लपवत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. खुशाल जा, पण चोरून जाऊ नका.

चोरून म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे नुसती शुगर असण्याची आता कोणाला लाज वाटत नाही, लग्नाच्या पंगतीत लोक बिनधास्त "जिलबी नको हो, शुगर आहे" म्हणतात, वर शेजारच्याला एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट) किती आला तेही सांगतात. पण गोळ्यांवरून इंजेक्शनवर गेलं की आवाज एकदम खाली येतो. इन्सुलिन लागलं म्हणजे आता संपलंच, किंवा मग खाण्यावर ताबा नसणार याचा, असं लोक परस्पर ठरवून टाकतात. त्यामुळे टूरच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात 'निल', टूर मॅनेजरला काही सांगायचं नाही, आणि बायकोला पण तंबी की उगाच गावभर करू नकोस.

आमच्या स्वित्झर्लंडच्या ग्रुपमध्ये असेच एक रिटायर्ड सर होते, कोल्हापूरकडचे, भारी गप्पिष्ट, पहिल्याच दिवशी अख्ख्या बसला त्यांनी नावानिशी ओळखायला सुरुवात केली होती. इंटरलाकेनला जेवायला इंडियन रेस्टॉरंटसमोर बस थांबली, सर आधी टॉयलेटला जाऊन आले, आणि आत बघतो तर आमच्या आधीचा ग्रुप अजून टेबलावरच. मग काय, बाहेर थंडीत उभं राहायचं, दहा मिनिटं, वीस मिनिटं, अजून पाच मिनिटं म्हणत म्हणत पाऊण तास गेला. एवढा बडबडा माणूस गप्प झाला हे आधी माझ्या लक्षात आलं आणि मग दिसलं की आम्ही सगळे जॅकेट गच्च आवळून उभे आणि यांच्या कपाळावर घाम. "सर, बरंय ना?" विचारलं तर माझ्यावरच खेकसले, "मला काय झालंय!" शुगर उतरली की माणूस असाच विनाकारण चिडतो, मला हे घरचंच आहे (माझे बळी आमचे हे). वहिनींना बाजूला घेऊन विचारलं तर हळूच म्हणाल्या, इन्सुलिन घेऊन आलेत आत्ता, पण कोणाला सांगू नका.

माझ्या पर्समधलं शुगर तपासायचं मशीन काढलं, बोट टोचलं, शुगर 54. मी ग्लुकोजची पुडी फोडून पाण्यात घालतेय तर वहिनींनी माझा हातच धरला, "अहो साखर काय देताय, त्यांना शुगर आहे!" त्या माऊलीला कोणी सांगितलंच नव्हतं की इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर खाली पण जाते, आणि खाली गेली तर साखरच द्यायची असते. साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे घरच्या भाषेत तीन चमचे साखर, किंवा अर्ध्या ग्लासाच्या थोडं वर ज्यूस, साधा कोक चालतो, डाएट नाही. 15 मिनिटं थांबून परत बघायचं, अजून 70 च्या खालीच असेल तर परत तेवढंच. आणि माणूस गिळण्याच्या स्थितीत नसेल तर तोंडात काही कोंबायचं नाही, सरळ अॅम्ब्युलन्स, युरोपात 112. सर वेळेत सावरले, वरण-भात खाल्ला, आणि बसमध्ये चढेपर्यंत परत जोक सुरू. पण आमचा टूर मॅनेजर, पोरगेलासा मुलगा, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाला, "मॅडम, मला माहीत असतं तर मी किचनमधून यांचं ताट आधी आणलं नसतं का?" काय चुकलं त्याचं?

त्यात सरांचं तीस-सत्तरवालं मिक्स इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र), ते टोचलं की अर्ध्या तासात जेवण पोटात जायलाच हवं. घरी बरोबर साडेबाराला ताट वाढलेलं असतं म्हणून ते निभतं, टूरवर जेवणाची वेळ ड्रायव्हर, ट्रॅफिक आणि पुढच्या ग्रुपच्या हातात. म्हणून जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन सरळ विचारायचं की टूरवर जेवण मागेपुढे होणार, चालणं दुप्पट-तिप्पट होणार, डोस कसा ठेवू. काहींना डॉक्टर जेवणाच्या तोंडावर घ्यायचं वेगळं आणि चोवीस तासांचं वेगळं असं करून देतात, पण ते त्यांनी ठरवायचं, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात तर नाहीच. मी विमानात पण ट्रे समोर आल्याशिवाय पेन उघडत नाही, ट्रॉली दोन रांगा अलीकडे आलेली असते आणि नेमका तेव्हाच सीटबेल्टचा दिवा लागतो. (ते एअरलाइनचं डायबेटिक मील आधी सांगून ठेवता येतं, पण मी एकदा खाल्लंय, बिनमिठाच्या उकडलेल्या गाजरासाठी एवढा खटाटोप नको. साधं जेवण घ्या आणि गोड बाजूला ठेवा.)

घड्याळाचा बाऊ मात्र गरजेपेक्षा जास्त होतो. उन्हाळ्यात स्वित्झर्लंड आपल्या साडेतीन तास मागे असतं, माझं रात्री दहाचं चोवीस तासांचं इन्सुलिन मी डॉक्टरांना विचारून तिथे संध्याकाळी साडेसहाला घेत राहिले, संपला विषय. अमेरिका असेल तर हे चालत नाही. जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो आणि दोन डोस जवळजवळ येतात, तिथे डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी घसा कोरडा करून सांगते. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत टाकायचं नाही म्हणजे नाही. खाली सामानाच्या जागेत ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून दिसायला कितीही छान दिसलं तरी फेकायचं. शिवाय बॅग कुठे दुसऱ्याच देशात उतरली तर बसा रडत. लागेल त्याच्या दुप्पट न्यायचं आणि दोन हँडबॅगांत वाटून ठेवायचं, एक आपल्याकडे, एक जोडीदाराकडे. सिक्युरिटीला 100 मिलीचा नियम औषधाला लागत नाही, पण आपणहून काढून दाखवायचं, सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, त्यात औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं नाव हवं, कारण आपले ब्रँड तिकडे कोणाला माहीत नसतात. अंगावर इन्सुलिनचा पंप किंवा दंडावर शुगर मोजणारा सेन्सर असेल तर मशीनमधून जायच्या आधी तिथल्या माणसाला सांगा. बसमध्ये पण तेच, "मॅडम सगळ्या बॅगा खाली टाका" म्हणतात, आपली बॅग मांडीवर.

बाटली आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक यू-40 असतं, एका मिलीत 40 युनिट, आणि त्याची लाल टोपणाची सिरिंज. युरोप-अमेरिकेत यू-100. म्हणजे बाटली फुटली म्हणून तिथली आणली आणि आपल्याच सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरली तर अंगात जातात 50. अडीच पट! तिथली बाटली तर सिरिंजही तिथलीच. शुगरच्या आकड्यांचा पण असाच घोळ, सरांचे 54 स्वित्झर्लंडच्या दवाखान्यात 3 दिसले असते, त्यांचं माप वेगळं, आपल्या आकड्याला 18 ने भागायचं.

गारव्याचं टेन्शन उलटं आहे. वापरात असलेलं पेन फ्रिजबाहेर 25-30 डिग्रीपर्यंत साधारण चार आठवडे टिकतं (प्रत्येकाचं वेगळं, पाकिटावर वाचा), त्यामुळे हॉटेलच्या फ्रिजवरून भांडायची गरज नाही, आणि बर्फाला चिकटून तर ठेवायचंच नाही. दुबईच्या उन्हात मात्र पाण्यात भिजवून वापरायची ती कूलिंग पिशवी न्या, माठासारखंच काम करते, वीज नाही बर्फ नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्फाच्या युंगफ्राउयोखला, 3454 मीटरवर, मी पेन आणि मशीन दोन्ही स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवलं होतं, बाहेर ठेवलं की मशीन एरर दाखवतं. आणि दिवसभर चालून आलात, वर रात्री वाइन घेतलीत तर शुगर झोपेत उतरू शकते, निजताना एकदा तपासाच.

टूर कंपन्यांनाही माझं सांगणं आहे. ब्रोशरमध्ये आमरस-पुरी मिळणार हे एवढं ठळक छापता, मग फॉर्मवर "इन्सुलिन घेता का, जेवण वेळेवर लागतं का" एवढा एक प्रश्न छापायला काय हरकत आहे? तुमच्या बसमध्ये अर्धी मंडळी साठीच्या पुढची असतात. आणि कोणी खरं लिहिलं तर त्याला "फिटनेस सर्टिफिकेट आणा, आमची जबाबदारी नाही" असं घाबरवू नका, त्यामुळेच तर लोक 'निल' लिहितात.

शेवटचं इन्शुरन्सचं. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) कमीत कमी 30,000 युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच, आणि तिथेही पुष्कळजण डायबेटिस लपवतात, प्रीमियम वाढेल म्हणून. क्लेमच्या वेळी कंपनी जुने रिपोर्ट मागते आणि हॉस्पिटलचं बिल आपल्या गळ्यात पडतं. साध्या पॉलिसीत आधीपासूनचा आजार बरेचदा धरलेलाच नसतो, किंवा जिवावर बेतलं तरच धरतात, तेव्हा एजंटला फोनवर नाही, मेलवर विचारा आणि लेखी उत्तर घ्या. प्रीमियम थोडा जास्त जाईल, जाऊ दे. दोन डबे चॉकलेट कमी आणा, तसंही ते आपण खाणार नव्हतोच.