सत्कार आवरा, कवीला वेळ द्या

कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा सीमाभागातील गावांत भरणारी मराठी साहित्य संमेलने गावकरी स्वतः राबून उभी करतात, आणि १९४६ साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे जाणणाऱ्या इथल्या श्रोत्याला त्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच मनस्ताप अधिक होतो.

ग्रंथदिंडीत सकाळपासून लेझीम खेळून दमलेली मुले मांडवात येऊन बसतात, तेव्हा व्यासपीठावर देणगीदारांपासून माजी पदाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देण्याचा सोहळा सुरू होतो व दुपार उलटली तरी संपत नाही. (मांडववाल्याचा सत्कार एकवेळ समजू शकतो, त्याने काम तरी केलेले असते.) मग वेळेची कात्री कोणावर चालते? पुण्यामुंबईच्या पाहुण्यांच्या भाषणावर तर नक्कीच नाही. ज्या मुलीने शाळेत कन्नड सक्तीने शिकत असताना घरी मराठी कवितांची वही भरली, तिलाच ‘एकच कविता, तीही छोटी’ असे बजावले जाते, आणि ती वाचू लागते तोवर मागच्या खुर्च्यांची आवराआवर सुरू झालेली असते.

सत्कार करायचेच असतील, तर ते कविसंमेलनानंतर ठेवावेत, थांबणारे थांबतील.