भाचीला चाकू आणणार नाही

दिवाळीत मी पुण्याला येणार आहे. येताना एक चांगला परदेशी चाकू घेऊन ये, असं माझ्या भावाने फोनवर सांगितलं. उघडल्यावर पातं खटकन अडकून पक्कं बसणारा, मजबूत चाकू त्याला हवा आहे, तोही त्याच्या मुलीसाठी. माझी भाची सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि अभ्यासिकेतून रात्री उशिरा परतते. मी नाही म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "तुझ्या पर्समध्ये रोज चाकू असतो, मग माझ्या पोरीला का नको?"

त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला नीट द्यायचं आहे. हा प्रश्न एकट्या माझ्या भावाचा नाही. मुलगी शहरात एकटी राहते म्हटलं की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कोणीतरी हेच सुचवतं.

मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात राहते. माझ्या पर्समध्ये लाल मुठीचा स्विस चाकू असतो. त्याचं पातं अडीच इंचांच्या आसपास आहे, शिवाय एक छोटी कात्री, एक स्क्रू ड्रायव्हर आणि डबा उघडायचं हत्यार. पार्सलचे खोके उघडणं, सफरचंद कापणं, कपड्याचा लोंबता दोरा काढणं, पेन्सिलीला टोक करणं, डोंगरात फिरायला गेल्यावर चीज कापणं, चष्म्याचा ढिला स्क्रू आवळणं ही त्याची कामं. तो नसला की दिवसभर काहीतरी अडतं. दातांनी प्लास्टिक फाडणारी आणि किल्लीने खोके उघडणारी माणसं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. माणसाने वापरलेल्या सगळ्यात जुन्या साधनांपैकी एक साधन खिशात मावतं, आणि आपण ते वापरायचं सोडून दिलंय.

हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून मी चाकूच्या विरोधात आहे असा कोणाचा समज व्हायला नको.

माझा चाकू इथे कायदेशीर आहे, त्याला दोन कारणं आहेत. इंग्लंड आणि वेल्ससाठी 1988 चा फौजदारी न्याय कायदा आहे, स्कॉटलंडसाठी 1995 चा वेगळा कायदा. पण या बाबतीत दोन्हींतला नियम सारखाच. घडीचा चाकू असेल आणि त्याच्या पात्याची धार 3 इंचांपेक्षा लांब नसेल, तर तो सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगायला काही कारण सांगावं लागत नाही. दुसरी अट कलमात शब्दशः लिहिलेली नाही, ती पुढे न्यायालयाच्या एका निकालातून पक्की झाली. पातं उघडल्यावर कुलूप लागल्यासारखं अडकत असेल आणि मिटायला खटका दाबावा लागत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो घडीचा चाकूच नव्हे. तो अखंड पात्याच्या सुरीच्या पंगतीत जाऊन बसतो आणि मग तो जवळ का आहे, याचं कारण द्यावं लागतं. फ्रान्समध्ये शेतकऱ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे वापरतात तो लाकडी मुठीचा ओपिनेल घ्या. त्याच्या 6 नंबरचं पातं 7 सेंटिमीटर, म्हणजे लांबीच्या मर्यादेत बसणारं. पण मुठीवरची गोल कडी फिरवली की पातं पक्कं होतं, म्हणून तो इथे विनाकारण खिशात ठेवता येत नाही.

पहिल्यांदा हा नियम कळला तेव्हा मला तो विचित्र वाटला होता. अडकणारं पातं बोटांवर मिटत नाही, म्हणजे कामासाठी तेच जास्त सुरक्षित. सुतार, वायरमन, गिर्यारोहक म्हणूनच ते पसंत करतात. मग कायद्याने नेमक्या त्यालाच का हटकावं? विचार केल्यावर कारण पटलं. न अडकणाऱ्या चाकूने कापता येतं, सोलता येतं, तासता येतं. पण त्याने जोरात भोसकायला गेलं तर पातं मागे फिरून वापरणाऱ्याच्याच बोटांवर मिटू शकतं. त्याची रचनाच मारामारीला नालायक आहे. कायद्याने सगळ्यांना मोकळेपणी दिलेला चाकू हा नेमका असा आहे. बाकीचे बहुतेक चाकू बंद नाहीत, त्यांना फक्त कारण लागतं. मासे साफ करणाऱ्याची सुरी कामावर जाता-येता चालते. शिखांचं कृपाण धार्मिक कारणासाठी चालतं. इथल्या लग्नांत किल्ट, म्हणजे चुण्यांचा पारंपरिक घागरा, घातलेले पुरुष उजव्या पायमोज्यात एक छोटी सुरी खोचतात, तीही राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून चालते.

एक कारण मात्र सहसा चालत नाही: "स्वतःच्या रक्षणासाठी". रात्री भीती वाटते, वस्ती वाईट आहे, असं सांगून चाकू बाळगलात तर तुम्ही स्वतःहून गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. माझा कायदेशीर लाल चाकूसुद्धा, मी तो कोणावर तरी उगारायच्या इराद्याने जवळ ठेवलाय असं सिद्ध झालं, तर शस्त्र ठरतो.

भावाला नेमकं हेच कठोर वाटतं. "म्हणजे मार खायचा?" असं तो विचारतो. मला मात्र हा या कायद्याचा सगळ्यात शहाणा भाग वाटतो.

अंधाऱ्या बोळात कोणी मागून हात धरला, तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. पर्सची चेन उघडायची, आत चाचपडायचं, चाकू काढायचा, दोन्ही हातांनी पातं उघडायचं. तोवर समोरचा थांबत नाही. पातं उघडलंच, तर ते वापरण्यासाठी त्याच्या अगदी अंगालगत जावं लागतं. म्हणजे ज्याच्यापासून दूर पळायचं, त्याच्याच हाताच्या टप्प्यात राहायचं. त्याचा जोर जास्त असेल तर चाकू कोणाच्या हातात जाईल? आणि "नुसतं पायावर मारायचं" ही जी समजूत आहे, ती जीवघेणी आहे. मांडीतली मोठी धमनी कापली गेली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने मरू शकतो. अंगावर मारायला सुरक्षित जागा नसते. आपल्याकडचा कायदाही स्वसंरक्षणाचा हक्क देतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, ही मर्यादा त्यात आहे. घाबरलेल्या, हात थरथरणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीने ती मर्यादा पाळावी, अशी अपेक्षा करून आपण तिच्या हातात पातं द्यायचं का?

27 जून 2023 ला सदाशिव पेठेतच, भर दिवसा, एका तरुणाने ओळखीच्या तरुणीवर कोयत्याने हल्ला केला होता. त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. ती पळाली, ओरडली, आणि रस्त्यावरच्या दोन-तीन रिकाम्या हातांच्या तरुणांनी पुढे धावून तो कोयता धरला. त्यातला एक तर स्पर्धा परीक्षेचाच विद्यार्थी होता. ती वाचली ती पळाल्यामुळे आणि कोणीतरी मधे पडल्यामुळे. बाकीचे बघत उभे होते, याची त्या वेळी भरपूर चर्चा झाली आणि ती योग्यच होती. मुलींना चाकू द्या, या सल्ल्यात मात्र त्या बघ्यांची सुटका होते. पोलिसांची होते, बंद पडलेल्या पथदिव्यांची होते, महिनोन्‌महिने पाठलाग करणाऱ्या मुलाला "समजावून" सोडून देणाऱ्या सगळ्यांची होते. हल्ला झालाच तर प्रश्न एवढाच उरतो: तिच्याकडे चाकू होता ना, मग तिने वापरला का नाही?

2013 च्या जानेवारीत, दिल्लीतल्या त्या भयंकर घटनेनंतर महिन्याभराने, मुंबईत शिवसेनेने महिलांना चाकू वाटले होते. देणाऱ्यांचा संताप खरा असेलही. पण रात्रीच्या लोकलमधून उतरून घरापर्यंत चालत जाणाऱ्या बाईला राजकीय पक्षाकडून चाकू मिळतो, तेव्हा तिला प्रत्यक्षात कळतं ते हे, की तुझं तू बघ.

आता आपल्याकडच्या कायद्याबद्दल. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे लहान चाकूला काही अडचण नसावी. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात. तलवारी, भाले, सुरे, लाठ्या यांबरोबरच शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला त्यांत बंदी असते. सण, निवडणूक, मोर्चा असं काहीतरी सुरूच असल्याने हे आदेश पुन्हा पुन्हा निघतात, आणि किती जणांना ते माहीत असतात? अशा शब्दांत माझा फळं कापायचा चाकूही बसतो आणि साधी दोरीही. मग कोणावर कारवाई होते हे चाकूवरून ठरत नाही. ते माणूस कोण आहे, कुठल्या वस्तीतला आहे, अंगावर कपडे कसे आहेत, यावरून ठरतं.

इथे ब्रिटनची बाजू फार स्वच्छ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. इथेही रस्त्यात थांबवून झडती घेण्याचा अधिकार काळ्या मुलांवर गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वापरला जातो, हे सरकारच्याच आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं. दुसरं म्हणजे पेपर स्प्रे. 1968 च्या कायद्याने तो इथे निषिद्ध शस्त्र आहे, बंदुकीच्या रांगेतला. मला हे सरळसरळ चूक वाटतं. समोरच्याला मारून न टाकता पळायला अवधी देणारं साधन बायकांना नाकारायचं आणि शिट्टी वाजवा म्हणून सांगायचं, यात शहाणपण नाही. भारतात तो दुकानात उघड मिळतो. या एका बाबतीत माझी भाची माझ्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहे. तो तिने हातात, पर्सच्या तळाशी नव्हे, हातात ठेवावा; फोनवर कोणाला तरी आपलं ठिकाण दिसत राहील असं करावं; 112 लावायला कचरू नये; आणि अभ्यासिकेतून चौघी-पाच जणींनी मिळून निघावं.

ग्लासगोत राहत असल्यामुळे मला पुण्यातल्या कोयत्याच्या बातम्या वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. या शतकाच्या सुरुवातीला हे शहर पश्चिम युरोपात सुरामारीसाठी बदनाम होतं. गल्लीगल्लीच्या टोळ्या, त्यांत शाळकरी वयाची पोरं, आणि खिशात सुरी का, तर "दुसऱ्यांकडे असते म्हणून". भीतीपोटी बाळगलेल्या सुऱ्यांनीच भीती वाढत गेली. 2005 मध्ये इथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी एक खास विभाग काढला आणि हा प्रश्न साथीच्या रोगासारखा हाताळायला घेतला. 2008 पासून टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयाच्या दालनात बोलावून घेत. तिथे पोलीस सांगत, आम्हाला तुमची नावं ठाऊक आहेत, पुढच्या वेळी अख्ख्या टोळीला उचलू. मग शल्यविशारद जखमा कशा शिवाव्या लागतात ते सांगत. मग सुऱ्याने मेलेल्या मुलाची आई बोले. शेवटी एक फोन नंबर दिला जाई: शिक्षण, काम, व्यसनमुक्ती, जे हवं त्यासाठी फोन कर. 2015 च्या अखेरीपासून इथल्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात जखमी पोराच्या खाटेशी जाऊन बसणारी माणसं नेमली गेली, कारण सूड घ्यायचा की हे सोडायचं, याचा निर्णय तो त्या खाटेवरच घेत असतो. पोलिसी कडकपणाही होताच, शिक्षा वाढल्या. पण पहिल्या दशकातच स्कॉटलंडमधल्या खुनांची संख्या निम्म्याहून खाली आली.

पुण्यात कोयता मिरवणाऱ्या पोरांची पोलीस धिंड काढतात आणि लोक टाळ्या वाजवतात. माझ्या घरातलेही वाजवतात. रीलसाठी कोयता फिरवणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला त्यातून मिळते ती आणखी एक रील. त्याच्याशी ससून रुग्णालयात, बालसुधारगृहात, त्याच्या वस्तीतल्या तालमीत कोण बोलतं? हा प्रश्न मला धिंडीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि माझ्या भाचीचं रात्रीचं घरी परतणं चाकूपेक्षा त्याच्या उत्तरावर जास्त अवलंबून आहे.

कायद्यात मात्र एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा, असा मार्ग पुण्यात सुचवला गेला होता. पण त्याने लोहाराचा आणि शहाळेवाल्याचा त्रास वाढेल, इतकंच. त्यापेक्षा मनाई आदेशांत दोन ओळी घाला. पहिली, 3 इंचांपर्यंतचा, न अडकणारा घडीचा चाकू कोणीही, कधीही, कारण न सांगता जवळ ठेवू शकतो. दुसरी, त्यापलीकडच्या कुठल्याही पात्यासाठी पोलिसाने आधी कारण विचारायचं, ते नोंदवायचं आणि पटण्यासारखं असेल तर माणसाला जाऊ द्यायचं. गळीत हंगाम सुरू होताना बीडहून ट्रॅक्टरवर बसून निघालेल्या जोडप्याच्या गाठोड्यात कोयता असतो. ते "ऊस तोडायला चाललोय" म्हणतील आणि तेवढं पुरेसं असेल. रात्री बारा वाजता शर्टाच्या आत कोयता लपवून दुचाकीवर तिघे बसलेल्यांना तेच विचारलं, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल.